बघायचंय की मोजायचंय? नकाशा आणि फोटोसाठी ड्रोन निवडताना

ड्रोन घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो कॅमेरा किती मेगापिक्सेलचा. माझा सल्ला असा की तो प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवा आणि आधी ठरवा, वरून काढलेल्या फोटोंचं पुढे काय करणार? नुसते बघणार, लोकांना दाखवणार, की त्यांच्यावरून लांबी, क्षेत्रफळ, उंची मोजणार? सुंदर फोटो काढणारा ड्रोन आणि खरं माप देणारा ड्रोन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून फसगत होते.

तुलनेसाठी चार गट धरू. पहिला 249 ग्रॅमचा मिनी, म्हणजे डीजेआय मिनी 4 प्रो किंवा त्याच्या आगेमागेचे. दुसरा मधल्या आकाराचा घडीचा ड्रोन: एअर 2एस, मॅविक 3 क्लासिक. तिसरा खास मोजणीसाठी केलेला: मॅविक 3 एंटरप्राइझ आणि त्याआधीचा फँटम 4 आरटीके. चौथा विमानासारखा स्थिर पंखांचा: ईबी एक्स, विंगट्रावन.

सगळ्यात आधी शटर बघा

जाहिरातीत हा मुद्दा शेवटी येतो, पण नकाशाच्या कामात मी तो पहिला धरतो. मिनी आणि मधल्या गटातल्या कॅमेऱ्यांचं शटर इलेक्ट्रॉनिक असतं. सेन्सर अख्खी चौकट एका क्षणात टिपत नाही, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत एकेक ओळ वाचत जातो. ड्रोन हवेत थांबलेला असेल तर काही बिघडत नाही. पण नकाशासाठी तो सतत पुढे सरकत फोटो काढतो. समजा एक चौकट वाचायला 30 मिलिसेकंद लागले आणि ड्रोन सेकंदाला 8 मीटर वेगाने जातोय, तर पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांच्यामध्ये ड्रोन 24 सेंटीमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे एकाच फोटोचं वरचं टोक एका जागेवरून काढलेलं आणि खालचं टोक दुसऱ्या जागेवरून. डोळ्यांना हे कळत नाही. शेकडो फोटो जुळवून त्रिमितीय आकार काढणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र ते नडतं.

तिसऱ्या गटातल्या ड्रोनना यांत्रिक शटर असतं. पडदा खरोखर उघडतो आणि मिटतो, अख्खी चौकट एकत्र टिपली जाते. मॅविक 3 क्लासिक आणि मॅविक 3 एंटरप्राइझ शेजारी शेजारी ठेवले तर भावंडं वाटतात. दोघांचाही सेन्सर 4/3 आकाराचा, दोन्ही 20 मेगापिक्सेल. पण यांत्रिक शटर फक्त एंटरप्राइझला आहे, आणि तो 0.7 सेकंदाला एक या गतीने फोटो काढू शकतो. नकाशा हेच मुख्य काम असेल, तर या दोघांतला निर्णय मला इथेच झालेला दिसतो.

इलेक्ट्रॉनिक शटरवर उपाय नाहीत असं नाही. सेकंदाला 3-4 मीटर इतक्या संथ वेगाने उडवा, किंवा प्रत्येक फोटोला थांबा घ्या. पिक्सफोरडी, मेटाशेप अशा सॉफ्टवेअरमध्ये हा दोष गणिताने कमी करायची सोयही आहे. छोट्या जागेला हे पुरतं. जागा मोठी असेल तर थांबत थांबत जाण्यातच बॅटरी संपते.

एकच जागा, तीन ड्रोन

400 बाय 250 मीटरची, म्हणजे 10 हेक्टरची सपाट जागा घेऊ. उंची 80 मीटर.

एक इंची, 20 मेगापिक्सेलच्या सेन्सरला (फँटम 4 प्रो, फँटम 4 आरटीके) या उंचीवरून जमिनीवरचा एक पिक्सेल साधारण 2.2 सेंटीमीटरचा पडतो. मॅविक 3 एंटरप्राइझचा आकडाही जवळपास तोच. मिनी 4 प्रोवर 48 मेगापिक्सेल लिहिलेलं असतं, पण त्या सेन्सरवर रंगाच्या गाळण्या चार-चार पिक्सेलना मिळून एक अशा बसवलेल्या असतात. म्हणून मोजमापासाठी मी त्याचा 12 मेगापिक्सेलचा फोटोच खरा धरतो. त्यात एक पिक्सेल पडतो सुमारे 2.8 सेंटीमीटरचा. बघा, फरक किती थोडा आहे! 48 विरुद्ध 20 हा आकडा वाचून जे वाटतं, ते प्रत्यक्ष जमिनीवर उलटंच निघतं.

एक इंची सेन्सरच्या एका फोटोत या उंचीवरून अंदाजे 120 बाय 80 मीटर जमीन मावते. फोटो एकमेकांवर पुढे-मागे 80 टक्के आणि शेजारच्या ओळीवर 70 टक्के चढले पाहिजेत, नाहीतर सॉफ्टवेअरला समान खुणा पुरेशा सापडत नाहीत. त्यामुळे दर 16 मीटरला एक फोटो आणि दोन ओळींमध्ये 36 मीटर अंतर. आठ ओळी, कडा धरून दोनशेच्या आसपास फोटो. सेकंदाला 8 मीटर वेगाने आणि वळणांचा वेळ धरून दहा मिनिटांत काम होतं, एका बॅटरीत. शटरचा वेळ 1/1000 सेकंद ठेवलात तर त्या वेळात ड्रोन जेमतेम 8 मिलिमीटर सरकतो, म्हणजे अर्ध्या पिक्सेलपेक्षाही कमी. फोटो धूसर होत नाही.

मिनीने हेच काम संथ उडवून केलं तर वेळ दुप्पट होतो, दुसरी बॅटरी काढावी लागू शकते. बस्स, एवढंच. 10 हेक्टरपर्यंत मिनीने नकाशा होतच नाही असं कुणी म्हणत असेल तर ते पटवून घेऊ नका. अडचण आहे ती मापाच्या खात्रीची.

पिक्सेल बारीक म्हणून माप अचूक होत नाही

हे मी एका कामात शिकलो आणि अजून विसरलेलो नाही. पाणी साचणाऱ्या एका मोठ्या मैदानाचा उतार काढायचा होता. कॅमेरा सरळ खाली रोखून सगळे फोटो काढले, सगळे एकाच उंचीवरून. जमिनीवर एकही खूण ठेवली नाही. नकाशा इतका देखणा आला की गवतातल्या पायवाटा मोजता याव्यात. मग उंचीचा छेद काढला, तर मैदान मधोमध हातभर फुगलेलं! पाणी जिथे साचतं तिथेच टेकाड दिसत होतं. ज्यांच्यासाठी काम केलं त्यांनी बोट ठेवून विचारलं, "पाणी वर चढतं का हो?" काम पुन्हा करावं लागलं.

कारण साधं होतं. भिंगाची वक्रता सॉफ्टवेअर फोटोंवरूनच ओळखायचा प्रयत्न करतं, आणि सगळे फोटो सरळ खाली रोखलेले असले की त्या अंदाजातली छोटी चूक अख्ख्या जमिनीच्या घुमटात दिसते. उपाय दोन आहेत. काही फोटो कॅमेरा तिरका करून घ्या, आणि जमिनीवर नियंत्रण बिंदू ठेवा. मी अर्ध्या मीटरचा चौकोनी फळा वापरतो, काळ्या-पांढऱ्या चार घरांचा. 80 मीटरवरून तो फोटोत जेमतेम 23 पिक्सेलचा दिसतो. स्क्रीन मोठी करत जायचं, चार घरं जिथे मिळतात तिथे टिचकी मारायची, मग पुढचा फोटो, मग त्याच्या पुढचा. कंटाळवाणं काम आहे, पण नकाशाला खरेपणा इथून येतो. त्या फळ्यांची जागा मात्र अचूक जीएनएसएस यंत्राने (उपग्रहांच्या आधारे जागा सांगणाऱ्या) मोजलेली हवी, फोनने नव्हे. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक, असे किमान पाच.

आता आरटीके. साध्या ड्रोनला स्वतःची जागा दोन-तीन मीटर इकडे-तिकडे कळते, उंची त्याहून कमी भरवशाची. आरटीकेवाल्या ड्रोनला जमिनीवरच्या ठरलेल्या स्थानकाकडून किंवा इंटरनेटवरून दुरुस्ती मिळते आणि प्रत्येक फोटोची जागा दोन-तीन सेंटीमीटरच्या आत येते. मग मैदानभर फळे मांडत फिरावं लागत नाही. तरी दोन-तीन फळे ठेवाच, नकाशा बसवायला नव्हे, तपासायला. आरटीके वापरलं तरी उंचीत सगळीकडे सारखी चूक राहू शकते, आणि तपासणीचा बिंदू नसेल तर ती कळायला मार्ग नाही.

एक दिलासा. ढिगाऱ्याचं घनफळ, झाडांची मोजणी, बांधकाम किती पुढे सरकलं याची नोंद, अशा कामांना पृथ्वीवरची नेमकी जागा लागत नाही, आपसातली मापं बरोबर असली की भागतं. तिथे मिनी आणि पाच-सहा फळे एवढ्यावर चांगलं काम होतं.

फोटो आणि व्हिडिओसाठी

इथे पारडं फिरतं. मॅविक 3 क्लासिक 5.1के व्हिडिओ सेकंदाला 50 चौकटींनी घेतो, एंटरप्राइझ 4के आणि 30 वर थांबतो. म्हणजे मोजणीचा ड्रोन घेऊन त्याच्याकडून चित्रपटासारख्या दृश्यांची अपेक्षा धरू नका.

मिनीचं मला खरंच कौतुक वाटतं. उभ्या फोटोसाठी अख्खा कॅमेरा 90 अंशांत फिरतो, भिंग एफ/1.7, म्हणजे उजेड आत घेणारं छिद्र मोठं असल्यामुळे संध्याकाळच्या उजेडातही फोटो स्वच्छ येतो. त्याचं छिद्र मात्र ठरलेलं आहे, लहान-मोठं करता येत नाही. भर उन्हात व्हिडिओ घ्यायचा तर भिंगावर काळसर एनडी काच चढवावीच लागते. मॅविक 3 मध्ये एफ/2.8 ते एफ/11 पर्यंत छिद्र बदलता येतं. वारा हा दुसरा फरक. मिनी सेकंदाला 10.7 मीटरच्या वाऱ्यापर्यंत टिकतो असं कंपनी सांगते, मॅविक 12 मीटरपर्यंत. आकडे जवळ वाटतात, पण परतताना वारा समोरून आला की मिनी किती सावकाश पुढे येतो आणि बॅटरीचा आकडा किती भराभर उतरतो, ते एकदा बघितलं की पुढच्या वेळी तुम्ही आपोआप आधी वाऱ्याविरुद्ध जाऊन येताना वारा पाठीशी घेता.

पंखवाल्यांचं काय?

10 हेक्टरला ते घेऊच नयेत. 100 हेक्टरलाही मोजणीचा क्वाडकॉप्टर (चार पंख्यांचा, तिसऱ्या गटातला) दोन-तीन बॅटऱ्यांत पुरा पडतो. हजार हेक्टर म्हटलं की चित्र पालटतं. ईबी एक्स मोठ्या बॅटरीवर 90 मिनिटांपर्यंत उडतो, विंगट्रावन जवळपास तासभर, तोही सोनीचा 42 मेगापिक्सेल कॅमेरा घेऊन. ईबी हाताने सोडतात आणि तो पोटावर उतरतो, म्हणून मोकळी, दगड नसलेली जागा लागते. विंगट्रावन शेपटीवर उभा राहून सरळ वर चढतो आणि तसाच उतरतो, त्याला जागा कमी पुरते. पण दोघेही काम करताना हवेत थांबत नाहीत. इमारतीची भिंत, पुलाचा खांब, साधा व्हिडिओ, यातलं काहीच त्यांचं काम नव्हे. आणि फार कमी वेगाने उडता येत नसल्याने अगदी खालून, अतिबारीक पिक्सेलचा नकाशाही त्यांना अवघड जातो.

जुना फँटम

फँटम 4 प्रो 2016 चा. एक इंची सेन्सर आणि यांत्रिक शटर. नकाशासाठी तो आजही उत्तम आहे आणि वापरलेला मिळतो. मात्र ड्रोनआधी बॅटऱ्या बघा. सपाट टेबलावर ठेवून बोटाने दाबा, पोट फुगलेलं जाणवलं तर ती बॅटरी घेऊ नका. त्याचं उत्पादन बंद झालंय, त्यामुळे चांगल्या बॅटऱ्या दरवर्षी दुर्मिळ होत जाणार.

राहिलेल्या गोष्टी

खोक्यावरचा उड्डाणाचा वेळ वारा नसतानाचा असतो. 34 मिनिटं लिहिलं असेल तर कामाची बाविस-तेवीस धरा, कारण पाव बॅटरी शिल्लक ठेवून उतरायचं असतं. बॅटऱ्या बरेच दिवस ठेवायच्या असतील तर अर्ध्याच्या थोड्या वर भरून ठेवा.

सॉफ्टवेअरचा खर्च आधीच धरा. ओपनड्रोनमॅप फुकट आहे आणि शिकायला उत्तम, मेटाशेप आणि पिक्सफोरडी विकतचे. दोनशे फोटोंना 16 जीबी रॅमचा संगणक चालतो, हजारच्या पुढे तो रात्रभर घरघरत बसतो.

घेण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा: तो ड्रोन ओळींमध्ये आपोआप उडवणारं अ‍ॅप त्याला चालतं का. काही ड्रोनना कंपनीने ती मुभाच दिलेली नसते किंवा उशिरा दिलेली असते. हाताने उडवून फोटो एकमेकांवर 70 टक्के चढते ठेवणं दमवणारं काम आहे. नियमांचं म्हणाल तर अनेक देशांत 250 ग्रॅमखालच्या ड्रोनला सवलती आहेत आणि उंचीची मर्यादा 120 मीटरच्या आसपास आहे. पण कामासाठी उडवताना त्या सवलती लागू होतातच असं नाही, तेव्हा आपल्या देशाचा नियम स्वतः वाचा.

माझा कौल असा. प्रवास, घरचे कार्यक्रम, छंद आणि अधूनमधून छोटा नकाशा: मिनी, बिनधास्त. पोट फोटो-व्हिडिओवर असेल तर मॅविक 3 क्लासिकसारखा मधला. कुणी तुमच्या मापावर पैसे खर्च करणार असेल, उतार धरून गटार खणणार असेल, तर यांत्रिक शटर आणि आरटीके, त्यात तडजोड नको. "दोन्ही थोडं थोडं" असं उत्तर असेल तर जे काम चुकल्यावर जास्त नुकसान होतं, त्याच्या बाजूने जा.

काहीही घेतलंत तरी पहिल्या आठवड्यात एक करा. मोकळ्या जागेत दोन फळे ठेवा, त्यांच्या मध्यांतलं अंतर पोलादी टेपने नीट ताणून मोजा, 50 मीटर असेल तर बरं. मग त्या जागेचा नकाशा करा, त्यावर तेच अंतर मोजा, आणि फरक तारखेसकट वहीत लिहून ठेवा.