पहिल्या शनिवारची गर्दी, तिसऱ्या आठवड्याचा रिकामा हॉल की घरचा सोफा: डोकं कुठे कमी फिरतं?

थेटरात पिक्चर बघताना डोकं फिरतं ते एकतर माणसांमुळे नाहीतर मशीनमुळे. पिक्चरच भंगार निघाला तर तो हिशोब वेगळा, त्याला कोण काय करणार. पण गोची अशीये की माणसांचा ताप चुकवायला तुम्ही जे काही करता ना, त्यानेच बरेचदा मशीनचा ताप वाढतो. नवा पिक्चर लागतो तेव्हा त्याला थेटरातला सगळ्यात मोठा, सगळ्यात चांगला स्क्रीन मिळतो, मग गर्दी ओसरली की त्याला उचलून बारक्या हॉलमध्ये टाकतात कारण मोठा हॉल पुढच्या पिक्चरला लागतो. म्हणजे जिथे माणसं कमी तिथे पडदा लहान, स्पीकर जुने आणि एसीवर कुणाचं लक्ष नाही. मी दोन्हीकडे भरपूर पोळलेली आहे आणि मधे एक वर्ष वैतागून फक्त घरीच बघत होते, त्यामुळे तिन्हींची तुलना करतेय. तुम्हाला कशाचा जास्त त्रास होतो ते तुम्हीच बघा.

आधी गर्दीचा शो. पहिल्या शनिवारी हाऊसफुल हॉलमध्ये सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मोबाईल, आणि रिंग वाजण्यापेक्षा त्याचा उजेड वाईट. लोकांना वाटतं एवढासा तर स्क्रीन आहे, काय फरक पडतो. तर फरक असा पडतो की थेटरच्या पडद्यावरचा पांढऱ्यातला पांढरा रंग हा ठरलेल्या मापाने साधारण 48 निट्सचा (निट म्हणजे पडदा किती उजळ ते मोजायचं माप) असतो, आणि फोन फुल ब्राइटनेसवर असला तर 400-500 निट्स सहज देतो. म्हणजे पुढच्या रांगेतला तो चौकोन अख्ख्या पडद्यापेक्षा दसपट प्रखर! शिवाय अंधाराला डोळे नीट सरावायला वीसेक मिनिटं तरी लागतात, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी मेसेज बघत असेल तर ते सरावणं कधी पूर्णच होत नाही, मग रात्रीच्या सीनमध्ये काही दिसत नाही आणि आपण कॅमेरामनला शिव्या घालतो.

मग खुर्चीला मागून लाथा. यात दोन जाती आहेत, एक नकळत पाय हलवणारे, ते बिचारे मागे वळून बघितलं तरी थांबतात, आणि दुसरे गुडघे तुमच्या पाठीत रुतवून बसणारे उंच लोक, त्यांना सांगून उपयोग नसतो कारण दोन रांगांमध्ये जागाच नसते. त्यानंतर कॉमेंट्रीवाले. मला एकदा शेजारी असा माणूस मिळाला होता ज्याने पिक्चर आदल्या दिवशीच बघितला होता आणि आज तो बायकोला दाखवायला आला होता, तर प्रत्येक सीनच्या पाच सेकंद आधी "आता बघ हं, आता बघ". रहस्यपट होता. मी पहिल्या अर्ध्या तासात दोनदा "हळू बोला" म्हटलं, तर त्याने आवाज खरंच हळू केला आणि सांगणं चालूच ठेवलं, म्हणजे आता ते कान देऊन ऐकलं की कळायचं, आणि मी चक्क कान देऊन ऐकत होते 😂 खुनी कोण ते मला पडद्याआधी त्याच्याकडून कळलं.

पण गर्दीची बाजू घ्यायचीच तर एक गोष्ट मान्य करायला हवी, कॉमेडी आणि हॉरर हे रिकाम्या हॉलमध्ये बघणं म्हणजे निम्मी मजा घालवणं. तीनशे माणसं एकदम हसतात किंवा एकदम दचकतात तेव्हा जे होतं ते घरी कितीही मोठा टीव्ही लावून होत नाही. त्यामुळे हे दोन प्रकार असतील तर मी म्हणेन सरळ पहिल्या वीकेंडला जा, थोड्या लाथा खा. उलट हळूहळू उलगडणारा, कुजबुजीत बोलला जाणारा, शांततेवर चालणारा पिक्चर असेल तर गर्दीत जाऊच नका, तिथे एक पाकीट फोडल्याचा आवाजसुद्धा अख्खा सीन खातो.

आता तिसऱ्या आठवड्यातला दुपारचा शो. ऐकायला स्वर्ग वाटतो, दीडशे खुर्च्यांत पाच माणसं. पण माणसांचा त्रास शून्य होतो असं अजिबात नाही, उलट भरलेल्या हॉलमध्ये जी कुजबुज गर्दीत विरून जाते तीच इथे एकटी पडून पार पुढच्या रांगेपर्यंत ऐकू जाते. आणि एक कोडं मला आजवर सुटलेलं नाही: अख्खा हॉल मोकळा असताना एक माणूस येऊन बरोब्बर तुमच्या शेजारीच का बसतो? तिकिटावर नंबर आहे म्हणून? अरे पण कोण बघतंय!

तरी हे किरकोळ. रिकाम्या शोचा खरा त्रास मशीनचा. असाच एक शो मी बघितला, म्युझिक दणकून येत होतं, पावसाचा आवाज चारी बाजूंनी येत होता आणि माणसं मात्र हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखी. आम्ही सहा जण होतो हॉलमध्ये, सगळे आपले शांत बसलेले, प्रत्येकाला वाटत असणार की पिक्चरच असा बनवलाय, थोडं आर्टी असेल. मला चाळीस मिनिटांनी लक्षात आलं की मधला स्पीकर गेलाय. त्याचं असं असतं की पिक्चरमधले जवळपास सगळे संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात (पडद्याला बारीक बारीक भोकं असतात, आवाज त्यातून आरपार येतो), तो गेला की बाजूच्या स्पीकरमधून नुसता प्रतिध्वनी आणि पार्श्वसंगीत उरतं. मी बाहेर जाऊन दारावरच्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "मॅडम, सकाळपासून कोणीच काही बोललं नाही". आणि तो खोटं बोलत नव्हता. पूर्वी प्रोजेक्टरपाशी माणूस बसलेला असायचा, रीळ बदलायचा, फोकस बघायचा, आता बहुतेक ठिकाणी सर्व्हरमध्ये, म्हणजे पिक्चर चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, टाइमटेबल भरलेलं असतं आणि शो आपोआप सुरू होतो आपोआप संपतो, केबिनमध्ये कुणी नसतं. तुम्ही उठून सांगितलं नाही तर तुमच्या हॉलमध्ये काय बिघडलंय हे जगात कुणालाच कळत नाही.

अंधुक चित्राचंही तसंच. प्रोजेक्टरमधला झेनॉनचा दिवा (झेनॉन वायू भरलेला मोठा बल्ब) जसजसा जुना होतो तसतसा त्याचा उजेड कमी होत जातो, लेझर प्रोजेक्टर बराच जास्त काळ टिकतो, म्हणून निवड असेल तर लेझरवाला हॉल घ्या. प्रोजेक्टरच्या केबिनच्या काचेवर धूळ साचली तरी सगळं पिठूळ दिसतं. आणि सगळ्यात चीड आणणारा प्रकार म्हणजे टूडी पिक्चरला थ्रीडीची लेन्स तशीच ठेवणं. काही डिजिटल प्रोजेक्टरमध्ये हे मागे वळून बघितलं की कळतं, काचेतून एकाऐवजी एकावर एक असे दोन झोत येताना दिसतात. असे दोन झोत दिसले आणि पिक्चर टूडी असला तर उठायचं आणि सांगायचं.

आवाज कमी असण्यामागेही एक गंमत आहे. थेटरच्या साऊंड प्रोसेसरवर 7 हा आकडा म्हणजे ठरलेला आवाज, पिक्चरचं मिक्सिंग (संवाद, म्युझिक, बाकीचे आवाज एकत्र जुळवणं) त्याच पातळीला बसून केलेलं असतं. तिथे एकेका स्पीकरचे टोकाचे आवाज 105 डेसिबलपर्यंत जाऊ शकतात, मग जाहिराती आणि ट्रेलर कानठळ्या बसवतात, लोक तक्रार करतात, थेटरवाले आकडा 5 वर किंवा त्याच्याही खाली आणून ठेवतात, आणि मग मेन पिक्चरमध्ये हळू बोललेलं काहीच ऐकू येत नाही. म्हणजे तक्रार जाहिरातीची, शिक्षा पिक्चरला. त्यामुळे आवाजाबद्दल सांगायला जाल तेव्हा नुसतं "मोठा करा" म्हणण्यापेक्षा "संवाद ऐकू येत नाहीयेत" असं सांगा, त्याने निदान कळतं की आकडा वाढवायचाय की स्पीकर बघायचाय.

एक अनुभव दोन्ही शोमध्ये सारखाच येऊ शकतो तो म्हणजे शोच सुरू न होणं. डिजिटल पिक्चर कुलूपबंद फाईलमध्ये येतो, त्याची किल्ली वेगळी पाठवतात, ती ठराविक सर्व्हरलाच चालते आणि ठराविक तारखेपासून ठराविक तारखेपर्यंतच. किल्ली आली नाही किंवा चुकीच्या मशीनची आली की पिक्चर थेटरात असून उघडत नाही! अशा वेळी दारावरच्या माणसावर ओरडून काही होत नाही, पैसे परत मागा आणि दुसरं काहीतरी बघा.

खुर्चीबद्दल लोकांचे फार हट्ट असतात. शेवटची रांग सुरक्षित वाटते, मागून लाथ नाही, मागे कुणाचा फोन नाही, पण पुढच्या सगळ्या रांगांचे फोन तुम्हाला दिसतात हे कुणी सांगत नाही, आणि बाजूच्या भिंतीवरचे, मागचे स्पीकर डोक्यावर येतात. पुढच्या दोन-तीन रांगांत उलटं आहे, एकही फोन दिसत नाही पण मान मोडते आणि पडदा एका नजरेत मावत नाही. आवाज जुळवताना जी जागा धरतात ती पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश मागे आणि मधोमध, मी स्वतः त्याच्याही एक-दोन रांगा पुढे बसते कारण पुढे जाल तसे नजरेत येणारे फोन कमी होतात. कडेची खुर्ची फक्त एका कारणासाठी घ्यावी, तक्रार करायला उठणं सोपं जातं. ज्याला वारंवार उठावं लागतं त्यानेही खरंतर तिथेच बसायला हवं पण असा माणूस नेहमी बरोब्बर मधोमध सापडतो.

थ्रीडी की टूडी यावर मी फार वेळ घालवणार नाही, थ्रीडीत चष्मा आणि फिल्टर मिळून निम्म्याहून जास्त उजेड खातात, म्हणून थ्रीडी बघायचाच असेल तर पहिल्या आठवड्यात मोठ्या लेझर स्क्रीनवर, बारक्या हॉलमध्ये कधीच नाही. हलणाऱ्या खुर्च्या, पाण्याचे फवारे वगैरे प्रकार एकदा गंमत म्हणून ठीक, पाठदुखी असेल तर तेवढंही नको.

आता घर. सगळे म्हणतात घरी कटकट नाही, मी वर्षभर करून बघितलंय, कटकट आहे फक्त करणारे आपण स्वतः असतो. थेटरात दुसऱ्याच्या फोनवर चिडणारी मी, घरी दर दहा मिनिटांनी स्वतःचा फोन उचलत होते, पॉज करून चहा, पॉज करून दारावरचं पार्सल, दोन तासांचा पिक्चर तीन संध्याकाळी पुरवून पुरवून बघितला तर त्याचा काय परिणाम राहणार. त्रास द्यायला दुसरं कुणी नाही पण गोष्टीत बुडायलाही कुणी नाही अशी अवस्था.

चित्राचा हिशोब पण करून बघा. 55 इंची टीव्ही म्हणजे रुंदी साधारण 122 सेंटिमीटर. आपण बसतो 3 मीटर लांब, तेव्हा तो नजरेचे जेमतेम 23 अंश भरतो. थेटरसारखे 40 अंश हवे असतील तर सोफा ओढून 1.7 मीटरच्या आत आणावा लागतो, जे घरातलं कुणीच करू देत नाही 🙂 वर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ते मोशन स्मूदिंग चालू असतं, सेकंदाला 24 फ्रेमच्या पिक्चरमध्ये मशीन आपल्या मनाच्या फ्रेम घुसडतं आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. ते आधी बंद करा, किंवा फिल्ममेकर मोड (पिक्चर बनवला तसाच दाखवणारं सेटिंग) असेल तर तो लावा, 2019 मध्ये जाहीर झालेला हा मोड नवीन बऱ्याच टीव्हींमध्ये असतो. आवाजाचं दुखणं मात्र सेटिंगने जात नाही, बारीक टीव्हीचे स्पीकर मागे नाहीतर खाली तोंड करून असतात, संवाद आला की व्हॉल्यूम वाढवा, मारामारी आली की कमी करा, हातातून रिमोट सुटत नाही. तरी काळा रंग म्हणाल तर चांगला ओएलईडी टीव्ही (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि विझतो) सरासरी थेटरच्या प्रोजेक्टरला हरवतो, आणि सबटायटल, हवं तेव्हा थांबणं, लहान मूल घरात असणं, या तीन गोष्टींसाठी घराला तोड नाही. तान्हं बाळ असेल तर आवाज आणि अंधार या दोन्हींसाठी थेटर त्याची जागाच नाही, ते रडतं यात त्याची काय चूक.

मग ठरवायचं कसं? तुम्हाला माणसांचा राग येत असेल आणि अंधुक चित्र, फुटका आवाज लक्षातही येत नसेल (अशी भाग्यवान माणसं मी बघितली आहेत, माझ्याच घरात आहेत) तर डोळे मिटून तिसरा आठवडा. उलट चित्र-आवाजात जरा कमी-जास्त झालेलं खपत नसेल तर पहिला वीकेंड, मोठा स्क्रीन, आणि माणसं सहन करा. दोन्हीचा त्रास होत असेल तर माझ्यासारखी दुसऱ्या आठवड्यातली मंगळवार-बुधवारची सकाळ पकडा, पिक्चर बरा चालला असेल तर तोवर बरेचदा मोठ्या हॉलमध्येच असतो आणि लोक कामावर असतात. बुकिंग करताना पिक्चरच्या नावासोबत हॉलचा नंबर बघा, दोनचार वेळा गेलात की कुठला हॉल चांगला ते पाठ होतं. आणि काही बिघडलेलं दिसलं तर पहिल्या दहा मिनिटांत उठा, चाळीस मिनिटांनी उठलात की ते लोक "आता संपतच आलाय" म्हणतात.

शेजारी येऊन बसणारा तो माणूस बुधवारी सकाळीपण येतो. मी आता दिवे जायच्या आधी स्वतःसाठी दुसरी एक खुर्ची हेरून ठेवते.