आश्रयगृह की वाटून घेतलेल्या दोन खोल्या?

दोन्हीकडे राहून झालंय माझं, म्हणून लिहितेय. मुलांना घेऊन घराबाहेर पडलात आणि सखी केंद्रातले, म्हणजे हिंसा सोसलेल्या बाईला तात्पुरता आसरा देणाऱ्या सरकारी केंद्रातले, ५ दिवस संपत आले की पुढे कुठे, हा प्रश्न येतोच. माझ्यापुढे पुण्यात दोन वाटा होत्या. एक, सरकारी योजनेतलं आश्रयगृह. पूर्वी स्वाधार गृह म्हणायचे, आता शक्ती सदन. दुसरी, एका संस्थेनं धायरीत भाड्यानं घेतलेल्या दोन खोल्या, आपल्यासारख्याच दुसऱ्या बाईबरोबर वाटून.

आश्रयगृहाला मी नावं ठेवणार नाही. दाराला आतून कडी लागली त्या रात्री मी कित्येक दिवसांनी सलग झोपले. वकीलबाई तिथेच यायच्या. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज त्यांनीच भरून घेतला. जुन्या शाळेचा दाखला येत नव्हता, तर त्यापायी प्रवेश अडवता येत नाही हे समुपदेशक ताईंनी नव्या शाळेत जाऊन शिक्षण हक्क कायद्यानिशी सांगितलं. पैसाही लागला नाही.

पण रात्री आठला स्वयंपाकघराला कुलूप लागायचं.

मी दिवसभर कोथरूडला चार घरच्या पोळ्या लाटायची. एकदा धाकटीचा ताप उतरला आणि रात्री साडेदहाला म्हणाली, "आई, मऊ भात दे ना." किल्ली अधीक्षिकांकडे, त्या घरी गेलेल्या. मी पाण्यात बिस्किट कुस्करून भरवलं. तिनं दोन घास खाल्ले आणि भिंतीकडे तोंड केलं. इतक्या बायका-मुलांत गॅस उघडा ठेवता येत नाही, हे मला पटतं. तरी तो भात मनातून गेला नाही. दुसऱ्याच आठवड्यात मी धायरीच्या खोल्या बघायला गेले.

तिथंही सुख नाही हो. टँकरच्या पाण्यावरून आम्हा दोघींची भांडणं झाली. लाइट बिल, सिलिंडर, थोडंफार भाडं स्वतः भरायचं. पोर आजारी पडलं की त्या दिवसाची मजुरी गेली. वकिलाकडेही आपणच खेटे घालायचे. नवरा शोधत फिरत असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर माझ्या मते आधी आश्रयगृहच बरं. शक्ती सदनात ३ वर्षांपर्यंत राहता येतं. मुलाचं वय मात्र आधीच सांगा: मुलगा १२ वर्षांपर्यंतच आईजवळ राहू शकतो, मुलीला लग्न होईपर्यंत राहता येतं. माझा थोरला तेव्हा अकराचा होता, तीही धाकधूक होतीच.

पण हातात थोडं काम असेल आणि मुलं शाळेत जाणारी असतील, तर मी खोल्यांकडेच झुकेन. पहिल्या संध्याकाळी धाकटी ओट्याशी पाटावर उभी राहून तांदूळ धूत होती, आणि किती पाणी घालू म्हणून तीनदा विचारलं तिनं.

कुठंही बघायला जाल तेव्हा आधी ओटा बघा, आणि रात्री त्याची किल्ली कुणाकडे असते ते विचारा.