डाव्या-उजव्याच्या गोंधळात १८,५०० गेले

लिहायला लाज वाटते, पण देवगडात अजून चार जण त्या सायनस शिबिरवाल्या भोंदू डॉक्टरकडे जाणार असतील तर लाज गेली खड्ड्यात.

सहा महिने माझी उजवी नाकपुडी बंद. फक्त उजवी. शिंकरलं की मधूनच रक्त. आंब्याला फवारणी करतो, त्याचाच त्रास, असं धरून चाललो होतो. त्यात मंगल कार्यालयात शिबिर लागलं, 'विना ऑपरेशन सायनसमुक्ती'. शेजारचे दोघे जाऊन आले होते. मी काही एकटाच मूर्ख नव्हे. तपासणी ५००, 'स्कॅन' ४,८००, थेंब आणि पुड्या १३,२००. सगळे मोबाईलवरून दिले. पावती नाही.

स्कॅन म्हणजे काय, तर कपाळावर टॉर्चसारखं यंत्र फिरवलं. नाकात कोणी डोकावलंसुद्धा नाही. रिपोर्ट बघून बायको म्हणाली, "अवो, ह्येच्यात डावी लिवलीहा. तुमची तर उजवी बंद आसा." तिथेच उठायला हवं होतं! मी विचारलंही. तो हसला, "काका, स्कॅनच्या फोटोत डावं-उजवं उलटं दिसतं." आणि हे खरं आहे हो, म्हणून तर फसलो. सीटीच्या फोटोत आपली उजवी बाजू बघणाऱ्याच्या डावीकडे येते. पण लेखी रिपोर्टात बाजू रुग्णाचीच लिहितात. हे कळलं पाच महिन्यांनी, कोल्हापुरात. तोवर चारचौघांत बायकोला मीच गप्प केलं होतं.

तिथल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, तळ्यात पोहता का? तळ्याच्या पाण्यातून होणाऱ्या रायनोस्पोरिडिओसिस या रोगातही नाकात असंच रक्ताळ मांस वाढतं. मग दुर्बीण, सीटी, शेवटी तुकडा काढून तपासणी. निघाला इन्व्हर्टेड पॅपिलोमा, म्हणजे नाकातली एक गाठ. कॅन्सर नव्हे, पण काहींत पुढे होतो, आणि मुळासकट काढला नाही तर पुन्हा उगवतो. थेंबांनी जाणारी वस्तूच नव्हे ती. एकाच बाजूचं नाक बंद आणि वर रक्त, तर दुर्बीण घालणाऱ्याकडेच जा.

चौकीत म्हणे, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना?" आरोग्य खात्यात म्हणे, "तो आपल्या तालुक्यातला नाही." अहो, म्हणूनच तर पळाला! नोंदणी नसताना डॉक्टरकी करायला राज्याच्या १९६१ च्या वैद्यकीय व्यावसायिक कायद्याचं कलम ३३ आडवं येतं, हे मी त्यांना सांगायचं? "दोन प्रतींत लेखी द्या." दिलं. "पावती जोडा." तुम्ही निदान नोंदणी क्रमांक विचारा, मेडिकल कौन्सिलच्या यादीत मोबाईलवर बघा. आणि मोबाईलवरून पैसे गेले तर त्याच दिवशी १९३० ही ऑनलाइन फसवणुकीची हेल्पलाईन लावा, माझ्यासारखं पाच महिन्यांनी नको.

मंगल कार्यालयवाल्याने मात्र त्याच्याकडून भाडं आगाऊ घेतलं होतं. पावतीसकट.