कमळाच्या टबासाठी घेतलेलं साल्विनिया: दुकान चांगलं, पण हे रोप घेऊ नका

कोल्हापुरातल्या या मत्स्यालयाच्या दुकानातून मी तीन वर्षं कमळाचे कंद आणि माशांचं खाणं घेते. कंद ताजे असतात, दादा नीट बोलतात. म्हणून फेब्रुवारीत "ताई, हे सोडा टबात, पाणी स्वच्छ राहतं, माशांना सावली होते," असं ते म्हणाले तेव्हा ८० रुपयांची साल्विनियाची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या या रोपाची, वाटी मी बिनघोर घरी आणली.

पंधरा-वीस रोपं होती. नखाएवढं पान, त्यावर पांढरट लव. थेंब टाकला की न भिजवता घरंगळून जातो. भिंगातून बघितलं तर एकेका केसाचे फाटे टोकाला पुन्हा जुळलेले, अंडी फेटायच्या फिरकीसारखे. देखणं आहे, यात शंका नाही.

मार्च संपायच्या आत तीन फुटी टबात पाणी दिसेना. दाटी वाढली तशी पानं दुमडून उभी राहिली, थरावर थर. एके पहाटे गप्पी कडेच्या फटीत तोंड वर काढून धापा टाकत होते. सात मेले. कमळाची कोवळी पानं थराखालीच कुजली.

हे साल्विनिया मोलेस्टा, मूळचं ब्राझीलचं. केरळात याला आफ्रिकन पायल म्हणतात. कुट्टनाडचे कालवे आणि भातशेतं यानेच भरली होती. याला बी धरत नाही, तुटलेला तुकडाच नवं रोप होतो. त्यामुळे ओरबाडून काढलं की उरलेल्या तुकड्यांतून पुन्हा भरतं. शेवटी यावर जगणारा, जेमतेम दोन मिलिमीटरचा सोंडकिडा परदेशातून आणून १९८३च्या सुमारास बंगळूरला आणि मग केरळात सोडला, तेव्हा पाणी मोकळं झालं.

दादांना हे सगळं सांगितलं. "गिऱ्हाईक मागतं, ताई," म्हणाले. मला ते पटलं नाही. विकायचंच असेल तर निदान सांगून विका. जलपर्णीने रंकाळ्याचं काय केलं ते आपण डोळ्यांनी बघितलंय.

कंदांसाठी दुकानाला चार तारे, या रोपाला एकही नाही. आधीच घेतलं असेल तर टब गटारीत किंवा ओढ्यात रिकामा करू नका. मी चहाच्या गाळणीने काढून परातीत कडक उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवलं आणि मग कुंडीत घातलं. तरी काल कमळाच्या देठाला चिकटलेली दोन पानं सापडलीच.