आधी रक्त की आधी कातडीचा तुकडा?

आत्याच्या बोटांवर आणि कानांमागे मेणाच्या थेंबांसारखं बारीक पुरळ ओळीने आलं, तेव्हा ॲलर्जी समजून आठ महिने आम्ही मलमांवर काढले. शेवटी डिचोलीहून तिला बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात नेलं. डॉक्टरांनी बोटं ताठ करायला सांगितली. मधल्या सांध्यांवर कातडीची कडा वर आली, मधोमध खळगा राहिला. ती खूण त्यांनी आम्हाला दाखवली आणि स्क्लेरोमिक्सिडीमा हे नाव आम्ही पहिल्यांदा ऐकलं: कातडीत चिकट पदार्थ साचण्याचा दुर्मिळ आजार, ज्यात बहुधा रक्तातही एक वेगळं प्रथिन सापडतं. तुमच्या घरीही कुणाला असा संशय सांगितला असेल आणि आधी काय करायचं यावर घोळ चालला असेल, तर हे वाचा.

रक्ताची तपासणी सोपी वाटते. सुई टोचली, झालं. प्लाझ्मा पेशींचा (प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींचा) एकच गट वाढून एकाच साच्यातलं प्रथिन बनवू लागला, की इलेक्ट्रोफोरेसिसच्या, म्हणजे रक्तातली प्रथिनं वेगळी करून पाहणाऱ्या तपासणीच्या, आलेखात टोकदार सुळका दिसतो. पण प्रमाण थोडं असलं तर हा आलेख सपाटच दिसू शकतो. म्हणून त्याच नमुन्यावर इम्युनोफिक्सेशनही करून घ्या. प्रथिन कोणत्या जातीचं, हे त्यातूनच कळतं, आणि ती जात फार बोलकी असते. स्क्लेरोमिक्सिडीमात बहुधा आयजीजी लॅम्बडा ही जात सापडते. अंगावर सतत पित्त उठतं, ताप येतो, हाडं दुखतात आणि रक्तात आयजीएम असेल, तर श्निट्झलर सिंड्रोम या दुसऱ्या दुर्मिळ आजाराचा विचार होतो.

मात्र नुसत्या रक्तावर निकाल लावू नका. अमेरिकेतल्या मिनेसोटात झालेल्या मोठ्या पाहणीत पन्नाशीपुढच्या सुमारे ३ टक्के लोकांत असं प्रथिन आढळलं. त्यातल्या बहुतेकांना काहीच त्रास नसतो. कर्करोगाकडे वळण्याचं प्रमाण वर्षाला साधारण १ टक्का. म्हणजे सुळका दिसला तरी पुरळ त्याच्यामुळेच आलं, असं होत नाही. आमच्याकडे तो कागद हातात आल्यावर दोन दिवस कुणी नीट जेवलं नाही.

आत्याला जास्त उपयोग झाला तो बायोप्सीचा, तोही दुसऱ्या खेपेला. पहिली एका खाजगी ठिकाणी झाली होती. फॉर्मवर फक्त ‘रॅश’ लिहिलं होतं, आणि रिपोर्ट आला ‘सौम्य दाह’. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी संशयाचं नाव, पुरळ कुठे कुठे आहे आणि थायरॉइड नॉर्मल असल्याचं लिहिलं. मग पॅथॉलॉजीत म्युसिन दाखवणारा रंग वापरला गेला आणि कातडीत साचलेला तो चिकट पदार्थ निळा उठून दिसला. तुकडा होता जेमतेम ४ मिलिमीटरचा. बायोप्सीची भीती वाटते हे मला मान्य आहे. आत्यानेही माझा हात घट्ट धरला होता. पण जखम दहा-बारा दिवसांत भरली.

म्हणून माझं मत: तब्येत स्थिर असेल तर आधी नीट भरलेल्या फॉर्मसह बायोप्सी, आणि त्याच आठवड्यात रक्त. दोन्ही एकाच आवारात होत असतील तर बांबोळीची रांग सोसा, कारण तिथे त्वचारोगवाले आणि पॅथॉलॉजीवाले एकमेकांशी बोलू शकतात. जवळच्या लॅबमध्ये रक्त देणार असाल, तर नमुना बाहेर जातो का, हे आधी विचारा. थंडीत पायांवर जांभळे डाग उठतात म्हणून क्रायोग्लोब्युलिनची (गारव्यात साकळणाऱ्या प्रथिनाची) तपासणी सांगितली असेल, तर हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. रक्त गोठून सीरम वेगळं होईपर्यंत नळी ३७ अंशांवर ठेवावी लागते. वाटेत ती गार झाली तर प्रथिन आधीच खाली बसतं आणि रिपोर्ट खोटाच ‘निगेटिव्ह’ येतो.

एका बाबतीत मात्र आधी-नंतर करत बसू नका. मार न लागता डोळ्यांभोवती काळंनिळं होत असेल, जीभ जाड झाली असेल, किंवा पाय सुजून लघवीला फेस येत असेल, तर ॲमिलॉइडोसिसची (अवयवांत प्रथिन साचण्याच्या आजाराची) शंका घ्यावी लागते. तेव्हा बायोप्सी, इम्युनोफिक्सेशन, फ्री लाइट चेन (प्रतिपिंडांच्या सुट्या तुकड्यांची रक्ततपासणी) आणि लघवीची तपासणी एकदमच मागा, आणि हृदयाचा इकोही त्याच फेरीत करून घ्या.