मॉर्गनटाउनच्या शेल-विहिरीतील फायबर-नोंदी: अभ्यासकाचा अभिप्राय

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियात, मॉर्गनटाउनजवळ मार्सेलस शेल या वायूयुक्त खडकाच्या थरात आडव्या खोदलेल्या एमआयपी-३एच या विहिरीत कायमस्वरूपी बसवलेल्या ऑप्टिकल फायबरच्या नोंदी अभ्यासकांसाठी खुल्या आहेत आणि भूकंपशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्या हाताळाव्यात, असे मला मनापासून वाटते. २०१५ मध्ये येथे २८ टप्प्यांत पाण्याच्या दाबाने खडक फोडण्यात आला. लेझरचा स्पंद फायबरमधून जाताना थोडा प्रकाश सतत मागे परततो. खडक ताणला गेला की त्या प्रकाशाची कला (तरंगाची त्या क्षणीची स्थिती) बदलते आणि त्यामुळे संपूर्ण केबलच भूकंपमापकांची अखंड रांग बनते. एखादा टप्पा पडद्यावर उघडला, की विहिरीच्या नळीला पाडलेल्या कोणत्या छिद्रसमूहातून पाणी जोरात शिरते आहे आणि कोणता जवळपास निष्क्रिय राहिला आहे, हे रंगपट्ट्यांवरून उलगडत जाते. सोबत तापमानाच्या नोंदी असल्याने पडताळणीही करता येते, आणि ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी: सरळ फायबर केवळ स्वतःच्या लांबीच्या दिशेतील ताण मोजते, त्यामुळे काटकोनात येणाऱ्या प्राथमिक लहरी (सर्वांत आधी पोहोचणाऱ्या भूकंपलहरी) जवळजवळ निसटतात आणि कंप कोणत्या बाजूने आला, हे एकट्या केबलवरून ठरवता येत नाही. फायली अवाढव्य आहेत. साध्या लॅपटॉपवर एका वेळी एकच टप्पा घ्यावा.