ओपनस्ट्रीटमॅप: पुण्याभोवतीच्या वाटा नोंदवताना आलेला अनुभव

पावसाळा सरता सरता ओपनस्ट्रीटमॅपवर पुण्याच्या आसपासच्या पायवाटा नोंदवायला लागले. आता ऊन तापलंय. गवतात बुडालेली वाट आणि वाळून उघडी पडलेली वाट, दोन्ही पाहून झाल्यावर लिहिते आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा नकाशा कुणालाही दुरुस्त करता येतो, आणि श्रेय देऊन त्यातली माहिती कुणालाही फुकट वापरता येते. ट्रेकर मंडळींच्या फोनमधली ऑरगॅनिक मॅप्स आणि ओएसएमअँड ही ॲप्स हीच माहिती दाखवतात.

माझं मत आधीच सांगते. वाटेची रेघ ओढणं सोपं आहे. ती वाट कशी आहे, हे लिहिणं हे खरं काम, आणि आपल्या डोंगरांच्या बाबतीत नेमकं तेच फार ठिकाणी राहून गेलंय.

हात बसवायला वेताळ टेकडी उत्तम. चतुःशृंगी, पाषाण, लॉ कॉलेज रस्ता, कोथरूड अशा सगळीकडून वाटा वर येतात आणि पठारावर एकमेकींत गुंततात. आभाळ मोकळं असल्यामुळे फोनचा ट्रॅक, म्हणजे आपण चाललो त्या वाटेची जीपीएस नोंद, बरा येतो. स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप चालता चालता साधे प्रश्न विचारतं: इथे माती आहे की खडी, बाकाला पाठ आहे का. उत्तर दिलं की टॅग, म्हणजे नकाशातल्या त्या गोष्टीला जोडलेली माहितीची चिठ्ठी, आपोआप लागतो.

गडांवर एवढ्याने भागत नाही. राजगडाहून तोरण्याला जाणारी वाट घ्या. संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून उतरून सोंडेसोंडेने ती तोरण्याच्या बुधला माचीकडे जाते. नकाशात एक तुटक रेघ दिसते. पण कुठे वाट मळलेली आहे, कुठे ढोरवाटांनी चकवा बसतो, हे त्या रेघेवरून कळत नाही. त्यासाठी ‘ट्रेल व्हिजिबिलिटी’ हा टॅग आहे: वाट जमिनीवर किती स्पष्ट दिसते, ते सांगणारा. अवघडपणासाठी ‘सॅक स्केल’ आहे. ती स्विस अल्पाइन क्लबची सहा पायऱ्यांची मोजपट्टी. चांगली आहे, पण श्रावणात शेवाळलेला कातळ आणि माथ्याएवढी कारवी तिच्यात बसत नाही. मी कोरड्या हंगामातली अवस्था टॅगमध्ये लिहिते आणि पावसाळ्याबद्दल वर्णनाच्या खान्यात एक वाक्य टाकते. वाट जिथे फुटते तिथे सरळ जाणारी ढोरवाटही काढते. खोटा फाटा नकाशात असला, तरच तो खोटा आहे हे पुढच्या माणसाला कळतं.

कड्याखाली ट्रॅकवर विश्वास ठेवू नका. सिग्नल कातळावर आपटून येतो आणि रेघ भलतीकडे सरकते. उपग्रहचित्रही उतारावर हललेलं असू शकतं. जाता-येताचे दोन्ही ट्रॅक चित्रावर ठेवून मगच वाट काढावी.

सगळ्यात जास्त जीव मी पाण्यात घातलाय. राजगडावर पद्मावती माचीवर मोठा तलाव आहे. नकाशात तो निळा दिसतो, पण निळं ते सगळं पिण्याचं नसतं. सिंहगडाचं देवटाकं आणि वाटेतलं एखादं गाळाने भरलेलं टाकं नकाशावर सारखंच दिसलं, तर एप्रिलमध्ये कुणाच्या तरी जिवावर बेतेल. म्हणून ‘ड्रिंकिंग वॉटर’ला ‘येस’ लिहिणं ही जबाबदारी आहे. हंगामी पाण्याला ‘सीझनल’ आणि पाहिल्याची तारीख ‘चेक डेट’मध्ये, हे मी कधी सोडत नाही. गडावर ताक विकणाऱ्या मावशींना विचारायचं, “मावशी, हे पाणी कुठवर पुरतं?” “होळीपर्यंत. मग खालनं हंडा आणायचा.” इतकी नेमकी माहिती दुसरीकडे कुठे मिळते? ती मी महिना घालून वर्णनात लिहिते.

गुगल मॅप्सवरून किंवा छापील मार्गदर्शिकेतून काहीही उतरवायचं नाही, हा नियम कडक आहे आणि योग्य आहे. स्वतः पाहिलेलं आणि गावकऱ्यांनी सांगितलेलं चालतं. खिंडीची, सोंडेची गावातली नावं तर आवर्जून विचारून घाला. मात्र गिधाडांच्या घरट्यांच्या जागा मी नोंदवत नाही, तुम्हीही नोंदवू नका.

एक अडचण लक्षात असू द्या. केलेला बदल मूळ संकेतस्थळावर बहुधा काही मिनिटांत दिसतो, पण ऑफलाइन ॲपमध्ये नकाशा नव्याने उतरवल्यावरच येतो. ट्रेकच्या आदल्या रात्री अपडेट करून निघा.

वर्षातून एकदा हौसेने गड चढणाऱ्याला नुसतं ऑरगॅनिक मॅप्स पुरे. तीच वाट वेगवेगळ्या ऋतूंत तुडवणाऱ्याने मात्र खातं उघडावंच. गुढीपाडवा ते पहिला पाऊस या काळात राजगड, तोरणा किंवा सिंहगडावर जाणार असाल, तर वाटेतल्या प्रत्येक टाक्यात डोकावून पाणी आहे की नाही, तेवढं तारखेसह नोंदवा. या महिन्यांतल्या नोंदी मला सगळ्यात कमी दिसल्या.